पंचेचाळीस वर्षांचा मुक्काम

दुखणं आधी आलं, पुरळ नंतर.

डाव्या कुशीत, बरगडीच्या कडेकडेनं, कुणी तापलेली तार ओढत नेतंय असं वाटायचं. दोन दिवस मी ते अंगावर काढलं. काही जड उचललं असेल, झोपेत अवघडले असेन, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. तिसऱ्या दिवशी तिथली कातडी इतकी हुळहुळी झाली की कपड्याचा स्पर्श सहन होईना. दुखणं डावीकडचं, त्यामुळे हृदयाची शंकाही मनात येऊन गेली आणि ती रात्र जागून काढली. चौथ्या दिवशी सकाळी आरशात पाठमोरं वळून पाहिलं तर पाठीपासून निघून छातीपर्यंत आलेला लालसर पट्टा, आणि त्याच्यावर पाण्याच्या थेंबांसारखे बारीक फोड, घोसाघोसांनी.

डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. "नागीण आहे," त्या म्हणाल्या. मग पेनाचं टोक माझ्या अंगापासून चार बोटं लांब धरून त्यांनी त्या पट्ट्याची रेघ हवेत काढून दाखवली. "ही इथे कण्याशी सुरू होते, अशी बरगडीबरोबर वळते आणि इथे, छातीच्या मधोमध, थांबते. पलीकडे जाणार नाही." मी मान वाकवून पाहिलं. छातीच्या बरोबर मध्यावर पट्टी धरून आखावं तसं सगळं थांबलं होतं. रेघेच्या अलीकडे फोडांची दाटी, पलीकडे साधी, नेहमीची कातडी. एका मज्जातंतूचा इलाका तिथे संपतो, दुसऱ्या बाजूच्या तंतूचा सुरू होतो. शरीराची ही वाटणी मी चित्रात पाहिली होती. स्वतःच्या अंगावर आखलेली प्रथमच पाहत होते.

"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

मला आठवेना. तिथूनच आईला फोन लावला. "झाल्या होत्या की," आई म्हणाली, "सहा वर्षांची होतीस. भुवईवरची खपली ओरबाडून काढलीस, म्हणून तर तो खड्डा राहिला."

मी ते सांगितल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मग हा तोच. तुम्हाला नवीन काही झालेलं नाही. तेव्हाचाच विषाणू आहे."

आपण म्हणतो, कांजिण्या येऊन गेल्या, गोवर येऊन गेला. मीही आयुष्यभर असंच समजत आले. मी आता एक्कावन्न वर्षांची आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आलेलं काहीतरी गेलंच नव्हतं, माझ्याच कण्याजवळ मुक्काम ठोकून होतं, ही गोष्ट पचायला मला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत दिवसातून पाच वेळा गोळी घ्यायची आणि मधल्या वेळात पडल्या पडल्या वाचायचं, एवढंच काम होतं. डोक्यात प्रश्न एकच होता. आपल्या शरीरात एवढा कडक पहारा आहे, मग हा आत राहिला कसा?

विषाणू या शब्दात विष आहे. लॅटिनमध्ये व्हायरस या शब्दाचा अर्थही विषच. नाव पडलं तेव्हा विषाणू कुणी पाहिलेला नव्हता. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा एक रोग होता. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीला दिसलं की रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून गाळला तरी निरोगी रोपाला रोग देतो. १८९८ मध्ये नेदरलँड्समध्ये बायरिंक याने ठामपणे मांडलं की हे साधं विष नव्हे, कारण ते रोपात गेल्यावर वाढतं. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅनलीने त्याच विषाणूचे स्फटिक बनवले. मिठासारखे स्फटिक करून बाटलीत भरता येतात आणि पानाला लागले की पुन्हा रोग सुरू. सजीव की निर्जीव हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला त्यात फारसा रस वाटत नाही. विषाणू पेशीबाहेर असताना काय असतो आणि आत गेल्यावर काय होतो, हे दोन्ही नीट सांगितलं की नाव काहीही द्या.

पेशीबाहेर तो एक पुडी असतो. आत जनुकांची चिठ्ठी, भोवती प्रथिनांचं वेष्टण, काहींना त्यावरून चरबीचा एक पापुद्रा. तो खात नाही, श्वास घेत नाही, हलतही नाही. हवेबरोबर, थेंबाबरोबर, हाताबरोबर जिथे जाईल तिथे जातो. कांजिण्यांच्या विषाणूची चिठ्ठी साधारण सव्वा लाख अक्षरांची, सत्तरेक जनुकांची. आपल्या प्रत्येक पेशीतली चिठ्ठी तीन अब्ज अक्षरांची. एवढीशी चिठ्ठी एवढ्या मोठ्या घराचा कारभार हातात घेते, ती कारभाऱ्यांच्याच सवयी वापरून.

फ्लूचं उदाहरण मला सगळ्यात स्पष्ट दिसतं. आपल्या श्वासनलिकेतल्या पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची लव असते आणि त्या साखळ्यांच्या टोकाला सियालिक आम्ल नावाचा एक रेणू. तो पेशीच्या रोजच्या व्यवहारासाठी असतो. फ्लूच्या विषाणूवरचं एक प्रथिन नेमकं त्याच टोकाला चिकटतं. अंगाला चिकटलेल्या पुष्कळ गोष्टी पेशी चरबीच्या फुग्यात गुंडाळून आत ओढून घेते, तसं ती यालाही ओढते. आत गेल्यावर फुग्यातलं आम्ल वाढत जातं. हाही पेशीचा नेहमीचा क्रम, आत घेतलेल्या गोष्टी विरघळवण्यासाठीचा. विषाणू याच आम्लाची वाट पाहत असतो. आम्ल लागलं की ते चिकटणारं प्रथिन दाबलेली स्प्रिंग सुटावी तसं उलगडतं, त्याचं टोक फुग्याच्या भिंतीत रुततं, दोन पापुद्रे एकमेकांत मिसळतात आणि आतले जनुकांचे आठ तुकडे पेशीत सांडतात. ते केंद्रकात पोचतात. मग पेशी आपलं काम बाजूला ठेवून विषाणूची प्रथिनं बनवू लागते, त्याच्या चिठ्ठीच्या नकला काढू लागते. तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना पुन्हा त्याच साखरेला चिकटून अडकले असते, पण त्यांच्याकडे दुसरं एक प्रथिन असतं. ते कात्रीसारखं ती टोकं कापून टाकतं आणि वाट मोकळी होते. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध याच कात्रीत अडकून बसतं.

म्हणजे दार पेशीनंच उघडलेलं असतं. हे कळल्यावर माझी पेशीकडे बघायची नजर बदलली. तिला बंद राहून चालतच नाही. अन्न आत घ्यायचं, निरोप घ्यायचे, निरोप द्यायचे, शेजारणींना धरून राहायचं. तिला जगायचं असेल तर दारं हवीत, आणि दारं आहेत म्हटल्यावर त्यांची मापं घेणारा कुणीतरी निपजणारच.

पण पेशी गाफील नसते. १९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी उष्णता देऊन निकामी केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याच्या तुकड्यांवर ठेवला. नंतर भोवतालचं पाणी घेऊन ते नव्या तुकड्यांवर घातलं, तर त्या तुकड्यांमध्ये जिवंत विषाणूलाही वाढता येईना. पेशींनी पाण्यात काहीतरी सोडलं होतं. त्याला त्यांनी इंटरफेरॉन नाव दिलं. संसर्ग झालेली पेशी बहुधा स्वतः वाचत नाही, पण मरण्याआधी शेजारच्या पेशींना खबर देते. शेजारणी आपापली प्रथिनं बनवायची गती उतरवतात, परक्या चिठ्ठ्या फाडणारी रसायनं तयार ठेवतात. ताप, अंगदुखी, गळून जाणं, काही नकोसं होणं, हे आपण विषाणूच्या नावावर लिहितो. यातलं बरंचसं या खबरीचं असतं. ताप आलेल्या कपाळावर हात ठेवताना हे माझ्या मनात असतं, आत कुणीतरी हाका मारतंय.

पेशीला परकं काही आलंय हे कळतं कसं? अनेक खुणांनी. त्यातली एक मला फार आवडते. आपल्या पेशीत आरएनएच्या, म्हणजे जनुकांच्या चिठ्ठीवरून उतरवलेल्या निरोपांच्या, पट्ट्या बहुतेक एकेरी असतात. पुष्कळ विषाणू आपल्या नकला काढताना लांबलचक दुहेरी पट्ट्या बनवतात. पेशीत फिरणारे पहारेकरी रेणू या दुहेरी पट्टीवर हात पडताच ओरडा करतात. आता विषाणूची बाजू बघा. इबोलाकडे एक प्रथिन आहे, ते या दुहेरी पट्टीवर पांघरूण घालतं, म्हणजे पहारेकऱ्याच्या हाताला ती लागतच नाही. फ्लूकडेही त्याच कामाचं प्रथिन आहे. देवीच्या विषाणूच्या कुळातले विषाणू तर इंटरफेरॉन पकडणारी खोटी प्रथिनं पेशीबाहेर सोडतात, म्हणजे हाक मारली जाते पण शेजारणीपर्यंत पोचत नाही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण बहुतेकांचा पहिला हल्ला या हाकेवरच असतो.

त्यापुढचा पहारा अधिक खोल. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत बाहेरच्या अंगावर मांडून दाखवत असते. एकेक तुकडा आठ-दहा दुव्यांचा. घरात काय शिजतंय ते प्रत्येकीनं खिडकीत मांडायचं, असा नियमच म्हणा. टी पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, येता-जाता त्या खिडक्या तपासतात. ओळखीचं दिसलं तर पुढे जातात, परकं दिसलं तर त्या पेशीला मरायला लावतात. टी पेशीला तो परका तुकडा सुटा दिसून उपयोग नाही, तो आपल्याच खिडकीत मांडलेला असावा लागतो, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियात दाखवलं. १९७४ मधलं ते काम, नोबेल मिळालं १९९६ मध्ये. मी या नियमाबद्दल वाचलं त्या दुपारी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती पडून राहिले. आपल्या अंगातल्या अब्जावधी पेशी दिवसरात्र आपलं आतलं सगळं उघडं मांडून बसलेल्या, आणि परकं काही सापडलं तर मरायला तयार.

नागिणीचा विषाणू ज्या कुळातला, त्या हर्पिसच्या कुळाने या खिडकीचाच अभ्यास केलेला दिसतो. तापानंतर ओठाच्या कडेला जे फोड उठतात, ते उठवणारा विषाणू त्यातलाच एक. तो तुकडे खिडकीपर्यंत नेणाऱ्या बोगद्यातच बोळा कोंबतो. कांजिण्यांचा विषाणू खिडकीची चौकटच पेशीच्या आत अडकवून ठेवतो. टी पेशी येते, तिला परकं काही दिसत नाही, ती पुढे जाते. यावर शरीराने आणखी एक पहारा बसवला आहे. नैसर्गिक मारक पेशी नावाच्या पेशी खिडकीत काय आहे ते बघत नाहीत, खिडक्या आहेत की नाहीत ते बघतात. खिडक्या गायब झालेली पेशी त्या संशयावरूनच मारतात. त्यावर याच कुळातल्या सायटोमेगॅलो विषाणूने खिडकीसारखं दिसणारं खोटं प्रथिन बनवलं, ते तो पेशीच्या अंगावर मांडतो. हे डावावर प्रतिडाव कुणी बसून योजलेले नाहीत. चुकतमाकत, मरतजगत, लाखो वर्षांत ते साचत गेले. विषाणूची एवढीशी चिठ्ठी, त्यात प्रत्येक अक्षराला मोल, आणि तरी तिचा केवढा तरी भाग आपल्या पहाऱ्याला चुकवण्यावर खर्च झालेला. आपला पहारा किती कडक आहे ते मला त्या खर्चावरून कळलं.

प्रतिपिंडांशी, म्हणजे विषाणूला पेशीबाहेर पकडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांशी, लढायच्या विषाणूंच्या रीती वेगळ्या. फ्लू नक्कल काढताना सतत चुका करतो, त्यातून त्याचा चेहरा दरवर्षी थोडा बदलतो. कधी दोन जातींचे फ्लू एकाच पेशीत शिरले तर त्यांच्या आठ-आठ तुकड्यांची सरमिसळ होते आणि एकदम अनोळखी चेहरा जन्मतो. १९५७ आणि १९६८ च्या साथी अशा सरमिसळीतून आल्या. हिपॅटायटिस बी आपल्या वेष्टणाचे रिकामे गोळे रक्तात सोडतो. खऱ्या विषाणूमागे हजारो, कधी त्याहून कितीतरी जास्त. प्रतिपिंड त्या रिकाम्या गोळ्यांवरच खर्ची पडतात. एचआयव्ही बाकीच्या पहाऱ्याला हुकूम देणाऱ्या टी पेशींमध्येच शिरतो आणि स्वतःची चिठ्ठी त्यांच्या डीएनएत शिवून टाकतो. तशी एखादी पेशी निपचित झोपली की तिच्यातली चिठ्ठीही झोपते, औषधांना ती सापडत नाही. औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात ती याच झोपलेल्या पेशींमुळे.

गोवराशी मात्र थांबावंसं वाटतं, कारण 'येऊन गेला' हे शब्द त्याला खरोखर लागू पडतात. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. उत्तर अटलांटिकमधली ही एकाकी बेटं, तिथे त्याआधीची साथ १७८१ मधली. मधली पासष्ट वर्षं गोवर नाही. पीटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरला तिथे पाठवण्यात आलं. जवळपास पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांवर लोक आजारी पडले. पानुमने घरोघर जाऊन नोंदी केल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की १७८१ मध्ये लहानपणी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही या वेळी तो झाला नाही. पासष्ट वर्षांत एकदाही गाठ पडलेली नव्हती, तरी शरीर त्याला विसरलं नव्हतं. गोवर खरंच निघून गेला होता. मागे राहिली ती त्याची नुसती आठवण.

पण हाच गोवर जाताना काय घेऊन जातो ते अलीकडे कळलं. तो शिरतो तोच मुळी आठवणी सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये. स्वतःविरुद्धची पक्की आठवण ठेवून जातो आणि इतर रोगांच्या आठवणी पुसून टाकतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवराआधी आणि नंतर तुलना झाली. निरनिराळ्या मुलांमध्ये प्रतिपिंडांचा ११ ते ७३ टक्के साठा नाहीसा झालेला होता. पूर्वी जिंकलेली लढाई त्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून लढावी लागते. गोवराची लस टोचून घेताना रडणारं मूल पाहिलं की मला आता त्याच्या या साठ्याची आठवण होते. त्या एका सुईनं केवढं काय राखलं जातं.

आता माझ्या पाहुण्याकडे येते.

सहा वर्षांच्या मला कुणाच्या तरी श्वासातून तो मिळाला असणार. नाकातोंडातून शिरून तो घशाच्या गाठींपर्यंत गेला. तिथे टी पेशी असतात, ज्या पुढे त्याला पकडणार त्यांचीच भावंडं. तो त्यांच्यात शिरला आणि त्यांच्यावर बसूनच कातडीपर्यंत पोचला. साधारण दोन आठवडे बाहेर काही दिसलं नसेल. मग फोड उठले. एकेका फोडातलं ते स्वच्छ पाणी विषाणूंनी गच्च भरलेलं असतं. अंगात ताप, घरात सगळ्यांची धावपळ, मी खाजवत सुटलेली. पहारा जागा झाला, टी पेशी तुटून पडल्या, आठवड्याभरात खपल्या धरल्या. आईनं कपाळाला हात लावून पाहिला असेल आणि म्हणाली असेल, उतरला ताप.

तोवर काही विषाणू कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरून उलट्या दिशेनं चालू लागले होते. मज्जातंतूच्या आत मालाची ने-आण करणारी यंत्रणा असते, तिच्यावर बसून ते कण्यापर्यंत आले. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यामणक्याशी, संवेदना वाहणाऱ्या मज्जापेशींचे छोटे पुंजके असतात. तिथे पोचल्यावर विषाणूने वेष्टण टाकलं, आपली चिठ्ठी वर्तुळाकार मिटली आणि जवळजवळ सगळी कामं थांबवली. प्रथिनं बनवायची नाहीत, नकला काढायच्या नाहीत. प्रथिनंच नाहीत तर खिडकीत मांडायचे तुकडे कुठून येणार? या कुळातले खोट्या खिडक्यांचे सगळे डाव मला या गप्प बसण्यापुढे कमी वाटतात.

जागाही कशी निवडली! कातडीची पेशी मेली तर तिच्या जागी दुसरी येते. मज्जापेशी जन्मभर पुरवायची असते. संशय आला की मारा, हा पहाऱ्याचा नियम तिथे चालवला तर थोड्याच दिवसांत अंगाला स्पर्श कळेनासा होईल. म्हणून तिथे शरीर सांभाळून वागतं. ओठावरच्या हर्पिसच्या बाबतीत २००८ मध्ये उंदरांवर एक गोष्ट दिसली. मज्जापेशीशेजारी बसलेल्या टी पेशी आपलं मारक रसायन तिच्यात सोडतात, पण ते तिला मारत नाही. विषाणूला जागं व्हायला लागणारं प्रथिन तेवढं ते कापतं. टी पेशी तिथे वर्षानुवर्षं बसून राहते, मारता येत असून मारत नाही. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणारं माणूस असतं ना, मला तिचं तसं चित्र दिसतं. त्या पंचेचाळीस वर्षांत मी शिकले, कामाला लागले, माणसं जोडली, काही गमावली. एवढा सगळा काळ माझ्या कण्याशी कुणीतरी जागं होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

हे कोडं सोडवणाऱ्यांत एक साधा गावातला डॉक्टर होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. एडगर होप-सिम्पसन, इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरमध्ये प्रॅक्टिस करायचे. साडेतीन हजारांच्या आसपास लोक त्यांच्याकडे नोंदलेले. सोळा वर्षं त्यांनी नागिणीचा प्रत्येक रुग्ण टिपून ठेवला, १९२ जण. वय वाढेल तसं प्रमाण चढत गेलेलं त्यांना दिसलं. लागण एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन होत असती तर असं दिसलं नसतं. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जापेशींत निपचित राहतो आणि पहारा एका पातळीखाली उतरला की पुन्हा उठतो. १९८४ मध्ये एकाच माणसाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू शेजारी शेजारी ठेवून पाहिला, डीएनए एकच निघाला. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसताना, रुग्णांची वही आणि धीर एवढ्यावर या माणसाने बरोबर ओळखलं होतं.

पन्नाशीनंतर टी पेशींची ही राखण सैल होत जाते. प्रतिपिंड असतात, पण पेशीच्या आत दडलेल्यापर्यंत त्यांचे हात पोचत नाहीत. मग एका पुंजक्यात, एका बाजूला, चिठ्ठी उलगडते. विषाणू आल्या वाटेनं परत निघतो, त्याच मज्जातंतूतून कातडीकडे. तंतू सुजतो म्हणून दुखणं आधी, फोड नंतर. आणि तंतूचा इलाका जिथे संपतो तिथेच रेघ संपते. डॉक्टरांनी हवेत काढलेली रेघ ती हीच.

मी दिवसातून पाच वेळा घेत होते ती गोळी होती ॲसायक्लोविर, ज्या औषधामागच्या कामात गर्ट्रूड एलियन होत्या, १९८८ च्या नोबेलच्या एक मानकरी. ते औषध गिळताना निष्क्रिय असतं. विषाणूचंच एक प्रथिन त्याला जागं करतं, म्हणून ते मुख्यतः संसर्ग झालेल्या पेशीतच काम करतं आणि नक्कल काढणाऱ्या साखळीत खोटा दुवा म्हणून बसून ती तोडतं. खोट्या मालाची युक्ती या वेळी आपल्या बाजूनं. ते लवकर, शक्यतो पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांत, सुरू करायचं असतं. पण नकला काढणाऱ्या विषाणूलाच ते लागू पडतं. बाकीच्या पुंजक्यांत जे गप्प आहेत त्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. मी बरी झाले तरी ते असणारच आहेत.

चौथ्या की पाचव्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तिची मुलगी तेव्हा चार महिन्यांची. "ताई, कधी येतेस? तुझी भाची आता ओळखून हसते." मी सांगितलं, फोड वाळेपर्यंत येणार नाही. नागिणीच्या फोडातलं पाणी लागलं तर कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. आणि बहिणीला त्या कधी झालेल्याच नव्हत्या, लसही घेतलेली नव्हती. म्हणजे आईकडून बाळाला मिळते ती प्रतिपिंडांची शिदोरीही त्या लेकराजवळ नव्हती.

फोन ठेवला आणि मला या विषाणूचा हिशेब पहिल्यांदा नीट समजला. गोवराला जिवंत राहायला अडीच ते पाच लाखांची सलग वस्ती लागते, नाहीतर नवीन मुलं जन्मण्याआधी तो विझतो. फॅरो बेटांवर विझला तसा. कांजिण्यांना एवढी माणसं लागत नाहीत. हजाराहून कमी माणसांची वस्ती असली तरी पुरे. सगळ्यांना होऊन गेल्या तरी विषाणू त्यांच्या कण्याशी थांबतो. वर्षं जातात, मुलं मोठी होतात, त्यांना मुलं होतात आणि एक दिवस आजीच्या पाठीवर फोड उठतात, मांडीवर नातवंड असतं. मोठी शहरं वसण्याच्या कितीतरी आधीपासून तो असाच एका पिढीतून दुसरीत उतरत आला असणार. सहा वर्षांच्या मुलीच्या अंगातून निघालेला विषाणू पंचेचाळीस वर्षं थांबून त्या चार महिन्यांच्या बाळाच्या दाराशी येऊन उभा होता. मधलं सगळं अंतर मी त्याला चालवून आणलं होतं.

ती रात्र मला अजून आठवते. सणका येत होत्या, आणि पहिल्यांदा त्या दुखण्यापेक्षा भीती मोठी होती.

बहिणीनं त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून स्वतःची लस घेतली. बाळाची तारीख वर्ष पूर्ण झाल्यानंतरची, तीही लिहून ठेवली. ही लस जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. स्वतःच्या मुलाला कांजिण्यांनी बेजार केलेलं पाहून त्यांनी हे काम हाती घेतलं होतं. मुलाच्या उशाशी बसलेल्या बापाच्या मनातून ती निघाली, म्हणून मला ती जवळची वाटते. नागिणीवरची वेगळी लसही आता आहे, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन मात्रांची. विषाणूचं एकच प्रथिन दाखवून ती टी पेशींची जुनी आठवण ताजी करते. चाचण्यांमध्ये तिनं नव्वद टक्क्यांवर संरक्षण दिलं. मला ती आधी माहीत असती तर घेतली असती. आता पुरतं बरं झाल्यावर घेणार आहे, आईच्या वयाचा विचार करून तिच्या डॉक्टरांनाही विचारलं आहे.

तीन आठवड्यांनी शेवटची खपली पडली. डॉक्टरांनी तपासून जायला हरकत नाही म्हटलं, तेव्हाच मी गेले. बाळ आता मान धरू लागलं होतं. बहिणीनं ते माझ्याकडे दिलं आणि मी नेहमीच्या सवयीनं डाव्या बाजूला घेतलं. त्यानं माझा चेहरा न्याहाळला, हात पुढे केला आणि त्याचं बोट भुवईवरच्या खड्ड्यापाशी आलं. तिथेच थोडा वेळ राहिलं. मग अंग ताणून त्यानं एक लाथ मारली, नेमकी त्या बरगडीवर, जिथली कातडी अजून हुळहुळीच होती. कळ पाठीपर्यंत गेली.

"दुखलं का ताई? दे इकडे," बहीण म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.